आधी आंबट, मग गोड : प्रस्तावना

३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या रात्री मुलं दारोदार हिंडून घरी परततात, तेव्हा त्यांचं पहिलं काम ठरलेलं असतं. उशीच्या अभ्र्यात नाहीतर भोपळ्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बादलीत जमलेली सगळी कँडी दिवाणखान्याच्या जमिनीवर ओतायची आणि ढीग लावायचे. मग बाजार भरतो. एका रीसेसच्या बदल्यात दोन किटकॅट मागितले जातात, घासाघीस होते, एखाद्याचे डोळे भरून येतात. टूट्सी रोल कुणी मोजतही नाही, आणि नारळ घातलेलं जे काही असेल ते निमूटपणे आईबापांच्या पुढ्यात सरकवलं जातं. अमेरिकेत वाढणारं मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत कँडीचं पक्कं समीक्षक झालेलं असतं. कोणती चावायची, कोणती चघळायची, कोणती आजच संपवायची आणि कोणती थँक्सगिव्हिंगपर्यंत पुरवायची, यावर त्याची ठाम मतं असतात आणि ती कारणांसह असतात.

रोमान्स कादंबऱ्या वाचणारी मंडळीही अशीच. बाहेरच्या माणसाला जिथे एकच गुलाबी ढीग दिसतो, तिथे त्यांना डझनभर वेगळे ढीग दिसतात. रीजन्सी वेगळी, गॉथिक वेगळी, लहान गावातली वेगळी, व्हॅम्पायरची वेगळी. त्यातही आधी भांडणारे, पूर्वी दुरावलेले, नाइलाजाने लग्न केलेले असे पोटभेद. एकीला जे आवडतं ते दुसरी हातातही धरत नाही. ही पुस्तिका म्हणजे हे दोन बाजार एकाच जमिनीवर मांडण्याचा उद्योग आहे. न्यू जर्सीत आम्ही काही जणी महिन्यातून एकदा जमतो आणि प्रेमकादंबऱ्यांवर कडाडून भांडतो. एका ऑक्टोबरात भांडणाबरोबर कँडीचं भांडं मध्ये ठेवलं गेलं आणि कुठली कँडी कुठल्या कादंबरीला शोभते, हा वाद सुरू झाला. पुढच्या पानांत त्या वादातून टिकून राहिलेल्या जोड्या आहेत.

जोड्या लावण्याचा हा खेळ आम्ही शोधलेला नाही. पण तो बहुधा रंगावर किंवा नावावर खेळला जातो. लाल मुखपृष्ठाला लाल वेष्टन, व्हॅम्पायरला रक्तासारखा दिसणारा लॉलीपॉप. हे मला कधीच पटलेलं नाही. कँडीचं व्यक्तिमत्त्व तिच्या क्रमात असतं. जिभेवर आधी काय येतं, मग काय उलगडतं, दाताखाली काय अडकतं, शेवटी काय उरतं आणि हे सगळं किती वेळ चालतं. कादंबरीही वाचकाला याच क्रमाने भेटते. म्हणून या पुस्तिकेतला नियम एकच ठेवला: चवींचा क्रम आणि कथेचा क्रम जुळला तर जोडी, नाहीतर नाही. हा नियम लावला की एरवी टाइमपास म्हणून सोडून दिलेल्या पुस्तकांच्या बांधणीकडे नीट बघावं लागतं. मला त्यातच रस आहे.

या दोन्ही वस्तू एकाच दुकानात वाढल्या, हेही लक्षात घेतलं पाहिजे. आज हॅलोविन म्हटलं की कारखान्यात गुंडाळलेली कँडी आलीच, पण हे काही फार जुनं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं. ते जून १९४७ मध्ये उठलं आणि त्यानंतरच्या वर्षांत मुलांनी घरोघर जाऊन खाऊ मागण्याची प्रथा देशभर फोफावली. सुरुवातीला घरी केलेले लाह्यांचे लाडू, सफरचंदं, शेंगदाणे, चिल्लर असं काहीही पिशवीत पडत असे. पुढे अनोळखी लोक खाऊत विष किंवा ब्लेड घालतात अशी भीती पसरली, घरगुती खाऊ मागे पडला आणि सीलबंद वेष्टन म्हणजे सुरक्षितता असं समीकरण बसलं. त्याच काळात प्रेमकादंबरीही अमेरिकेच्या किराणा दुकानात शिरत होती. लंडनमध्ये १९०८ साली निघालेल्या मिल्स अँड बूनची पुस्तकं कॅनडातल्या विनिपेगच्या हार्लेक्विनने १९५७ पासून पेपरबॅकमध्ये छापायला घेतली आणि १९७१ मध्ये ती कंपनीच विकत घेतली. त्याच सुमाराला हार्लेक्विनची सूत्रं लॉरेन्स हायसी यांच्याकडे आली. हे गृहस्थ प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये तयार झालेले. साबण जिथे विकला जातो तिथेच कादंबरी का विकू नये, हा त्यांचा सरळ हिशेब. पुस्तकांच्या दुकानात पाऊल न टाकणाऱ्या बाईला मग दूध, पाव आणि डिटर्जंट घेता घेता कादंबरी मिळू लागली. बिल करायच्या रांगेत एका हाताला चॉकलेटं आणि दुसऱ्या हाताला पेपरबॅक, दोन्ही स्वस्त, दोन्ही पटकन उचलून गाडीत टाकण्याजोगी. टीकाकारांनी दोघांनाही एकच शिवी दिली: पोषणमूल्य शून्य.

या शिवीचा समाचार घ्यायचा तर कँडी कॉर्नपासून सुरुवात करायला हवी, कारण तिच्याइतकी हेटाळणी दुसऱ्या कुठल्याही कँडीच्या वाट्याला आलेली नाही. पिवळा बुडखा, नारिंगी मधला पट्टा, पांढरं टोक. तिचं श्रेय फिलाडेल्फियातल्या वंडरली कंपनीच्या जॉर्ज रेनिंगर यांना १८८० च्या दशकात दिलं जातं. १८९८ पासून गोलिट्झ कंपनीने ती बनवायला घेतली. आजची जेली बेली ती हीच. तेव्हा हॅलोविनशी तिचा काही संबंध नव्हता. शेतकरी वर्गाला आवडेल म्हणून ती ‘कोंबड्यांचं खाद्य’ या नावाने, खोक्यावर कोंबड्याचं चित्र छापून विकली जाई. साखर, कॉर्न सिरप, फाँडंट आणि मार्शमेलो यांचं गरम मिश्रण, एवढाच माल. पण कृती बघा. कॉर्नफ्लोअर भरलेल्या ताटांत साच्याने दाण्याच्या आकाराचे खळगे पाडायचे आणि त्यांत तीन रंग तीन फेऱ्यांत ओतायचे. आधी पांढरा, त्यावर नारिंगी, मग पिवळा. यंत्रं येण्यापूर्वी हे काम माणसं करत. गरम पाकाने भरलेली जड बादली धरून मागे मागे चालत जायचं आणि ओळीने खळगे भरत जायचे. पहिला थर फार निवला तर दुसरा धरत नाही आणि पुरेसा निवला नाही तर रंग एकमेकांत मिसळतात. वरून चकाकीसाठी जो लेप लागतो तो लाखेचा, म्हणजे आपल्याकडच्या पळसा-कुसुमावरच्या किड्याची कमाई. दाणा एवढासा आणि चव सगळ्यांची एकच, पण तीन रंगांमधली रेघ स्वच्छ यायची तर हात बसलेला लागतो.

हार्लेक्विनच्या मालिकांमधली कादंबरी ही अशीच. १९७३ मध्ये सुरू झालेल्या प्रेझेंट्स या मालेतलं पुस्तक साधारण ५०,००० शब्दांचं असतं. महिन्याला नेमकी संख्या, नेमका आकार, ओळखू येणारं मुखपृष्ठ. नायक-नायिका भेटणार, अडथळा येणार, सगळं संपलं असं वाटणार आणि मग दोघं एकत्र येणार. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रेमकादंबरीचे आठ आवश्यक घटक मांडले, त्यात हा ‘सगळं संपलं’ वाटायचा क्षणही आहे. या प्रकाराला ‘साचेबद्ध’ म्हणून नाक मुरडणारे साच्याकडे बघतात, ओतणाऱ्या हाताकडे नाही. वाचकाला शेवट माहीत असताना त्याला १८० पानं धडधडत ठेवायचं, तेही ठरलेल्या शब्दसंख्येत, हे पाहायला सोपं दिसतं. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथाकादंबरीच्या तंत्राची उघड तरफदारी केली, तेव्हा त्यांनाही गुळगुळीत, बेतीव असं बरंच ऐकावं लागलं. आणि तरीही वाचनालयात त्यांच्या पुस्तकांची पानं सुटेपर्यंत वाचली गेली. कँडी कॉर्नचंही तसंच: आवडते असं कुणी कबूल करत नाही आणि नोव्हेंबरात भांडं रिकामं असतं.

हे झालं साच्याचं. आता क्रमाचं. सावर पॅच किड्स नावाची लहान माणसाच्या आकाराची जेली आहे. तिच्यावर सायट्रिक आणि टार्टारिक आम्ल मिसळलेल्या साखरेचा थर असतो. तोंडात टाकली की पहिल्या क्षणी गालफडं आत ओढली जातात, डोळे बारीक होतात आणि माणूस ती थुंकायच्या बेतात येतो. तेवढ्यात वरचा थर विरघळतो आणि खालून साधी, मऊ, गोड जेली निघते. गंमत अशी की आंबटपणा अजून जिभेवर असतो म्हणून ती गोडी तिच्या लायकीपेक्षा जास्त लागते. नुसती जेली दिली असती तर कुणी दुसरी मागितली नसती. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) पासून आजतागायत भांडखोर प्रेमिकांच्या सगळ्या कादंबऱ्या याच हिशेबावर चालतात. नृत्याच्या समारंभात नायक डार्सीने केलेला नायिकेचा अपमान हे आम्ल. ते किती लावायचं यात लेखिकेची कसोटी. कमी पडलं तर पुढची माफी फुकट जाते. जास्त झालं तर वाचक थुंकून मोकळा होतो. आजकालच्या अनेक ‘शत्रू ते प्रेमिक’ कादंबऱ्यांत नायक पहिल्या शंभर पानांत इतका विखारी असतो की त्याच्या सुधारण्यावर माझा विश्वास बसत नाही. थर जाड, आत जेलीच नाही.

रीसेस पीनट बटर कपला रोमँटिक कॉमेडीची जोडी लावायला मला मुळीच विचार करावा लागला नाही, कारण जाहिरातवाल्यांनी ती आधीच लावली होती. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या त्यांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत एक जण चॉकलेट खात चाललेला असायचा, दुसरा पीनट बटर. दोघं वळणावर आदळायचे, एकाचं दुसऱ्यात पडायचं, वादावादी व्हायची आणि मग दोघांना चव कळायची. रोमँटिक कॉमेडीतली पहिली भेट याहून वेगळी काय असते? त्या वाटीमागची खरी हकीकतही चवदार आहे. एच. बी. रीस हे हर्शी कंपनीच्या दुग्धशाळेत नोकरीला होते, घरात सोळा मुलं. पोटासाठी जोडधंदा म्हणून त्यांनी कँडी बनवायला सुरुवात केली, १९२८ मध्ये ही वाटी काढली, आणि चॉकलेट वापरलं ते हर्शीचंच. युद्धाच्या टंचाईत बाकीचे प्रकार बंद करून त्यांनी सगळा भार एका वाटीवर टाकला. त्यांच्या मृत्यूनंतर १९६३ मध्ये त्यांची कंपनी हर्शीतच विलीन झाली. चांगल्या रोमँटिक कॉमेडीत दोघांचा स्वभाव शेवटपर्यंत वेगळा राहतो. या वाटीतही शेंगदाण्याचा खारटपणा चॉकलेटात विरघळून जात नाही.

हर्शीचा विषय निघाला आहे तर किसचा निकाल लावून टाकू. १९०७ चं हे थेंबाच्या आकाराचं चॉकलेट. १९२१ मध्ये गुंडाळणारं यंत्र आलं आणि चांदीच्या कागदातून डोकावणारी ती पातळ पट्टी त्याच वेळची. रोमान्समध्ये ‘स्वीट’ किंवा ‘क्लीन’ नावाचा एक मोठा वर्ग आहे, तिथे चुंबनापलीकडे काही घडत नाही. नावावरून जोडी लावायची नाही हा माझाच नियम, त्यामुळे मी विरोध केला. पण पेनसिल्व्हेनियाचा नकाशा उघडला आणि माझा विरोध मावळला. मिल्टन हर्शीचं पहिलं यश चॉकलेटात नव्हतं, कॅरमलमध्ये होतं, आणि तो कारखाना होता लँकेस्टरला; १९०० मध्ये तो दहा लाख डॉलरना विकून त्याने चॉकलेटात उडी घेतली. याच लँकेस्टर काउंटीत बेव्हर्ली लुइस यांनी ‘द शनिंग’ (१९९७) घडवली आणि तिच्या यशानंतर ॲमिश रोमान्स नावाचं पीकच आलं. घोडागाड्या, विजेविना घरं, शिवणाच्या गोधड्या, आणि दोनशे पानांनंतर एक चुंबन. ॲमिश लोक स्वतः हॅलोविनच्या भानगडीत पडत नाहीत. पण पट्टी ओढायची, कागद हळूहळू सोडवायचा आणि आतला ऐवज एका घासाचा, हा क्रम या कादंबऱ्यांना इतका चपखल बसतो की जोडी ठेवावीच लागली.

माझी सगळ्यात लाडकी जोडी गॉथिकची. गुड अँड प्लेंटी ही कँडी १८९३ मध्ये फिलाडेल्फियात पहिल्यांदा बनली. बाहेरून औषधाच्या कॅप्सूलसारखी गुळगुळीत, पांढरी आणि गुलाबी, वाढदिवसाला ठेवावी अशी. दाताखाली कवच फुटलं की आत काळंकुळकुळीत लिकरिश. लिकरिश म्हणजे आपला ज्येष्ठमध, पण गुळाच्या मळीत मुरवलेला, गडद, औषधी आणि थोडा उग्र. पहिल्यांदा खाणारा दचकतोच. ‘जेन आयर’ (१८४७) आठवा: लग्नाचा पांढरा पोशाख, चर्च, भटजीसमोर उभी राहिलेली वधू आणि तेवढ्यात माळ्यावरच्या बाईची बातमी. दाफ्ने दु मॉरिए यांची ‘रिबेका’ (१९३८) हीसुद्धा अशीच. देखणी हवेली, देखणा विधुर आणि कवच फुटल्यावर काळं. १९६० मध्ये व्हिक्टोरिया होल्ट यांची ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ आली आणि गॉथिकची लाटच उसळली. त्या काळातल्या पेपरबॅकची मुखपृष्ठं ओळीने मांडली तर एकाच मुखपृष्ठाच्या प्रती वाटतात: रात्र, झगा सावरत धावणारी तरुणी, मागे काळा वाडा आणि वाड्याच्या एकाच खिडकीत दिवा.

आणि या जोडीत खराखुरा धोकाही आहे. ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिन या द्रव्याने शरीरातलं पोटॅशियम घटतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन हॅलोविनच्या सुमाराला इशारा देतं की चाळिशी ओलांडलेल्या माणसाने रोज दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम काळं लिकरिश दोन आठवडे खाल्लं तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन इस्पितळ गाठावं लागू शकतं. गोड वस्तू हळूहळू काळजावर परिणाम करते. गॉथिक कादंबरीचं कथानक दुसरं काय असतं! आमच्या गटातल्या बहुतेक जणी चाळिशीपुढच्या आहेत, त्यामुळे या प्रकरणात प्रमाण जपून दिलं आहे: एका प्रकरणाला एक गोळी, ‘रिबेका’तल्या मिसेस डॅनव्हर्स आल्या की दोन.

विषाचाच विषय आहे तर खाऊतल्या विषाबद्दल एवढंच की समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक दशकांच्या बातम्या धुंडाळल्या आणि अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊने मूल दगावल्याची एकही सिद्ध घटना त्यांना सापडली नाही. टेक्ससमध्ये १९७४ च्या हॅलोविनला एक मुलगा सायनाइड घातलेल्या कँडीने गेला खरा, पण ते विष विम्याच्या पैशांसाठी त्याच्या सख्ख्या बापाने घातलं होतं. तरीही आईबाप दर वर्षी एकेक वेष्टन दिव्याखाली धरून तपासतात. आजकालच्या ‘डार्क रोमान्स’ कादंबऱ्यांच्या पहिल्या पानावर आत काय काय आहे याची यादी छापलेली असते: अपहरण, हिंसा, आणखी बरंच. काही समीक्षकांना ती यादी वाचकाचा अपमान वाटते. मला वाटत नाही. वेष्टन तपासून खाणारा माणूस भित्रा नसतो, त्याला काय खायचं आहे ते त्याला ठाऊक असतं.

हॅलोविनच्या खास कादंबऱ्या, म्हणजे चेटकिणी, व्हॅम्पायर, लांडगे, यांवर या पुस्तिकेत मुद्दाम कमी पानं दिली आहेत, कारण तिथे जोड्या फार सहज जमतात आणि सहज जमलेली जोडी कंटाळवाणी होते. एरिन स्टर्लिंग यांची ‘द एक्स हेक्स’ (२०२१) तेवढी जरूर घ्या: प्रेमभंग झालेली तरुण चेटकीण दारूच्या भरात गंमत म्हणून शाप देते आणि नऊ वर्षांनी तो माणूस गावात परततो तेव्हा शाप खरा निघतो. ड्रॅगन आणि परीलोकांच्या जाडजूड रोमान्सना, रिबेका यारोस यांच्या ‘फोर्थ विंग’सारख्या पाचशे पानी ऐवजाला, मात्र फन साइजचा तुकडा पुरत नाही. प्रत्येक गल्लीत एक घर असतं जे मुलांना अख्खा, पूर्ण आकाराचा बार देतं आणि मुलं त्या घराचा पत्ता एकमेकांना कुजबुजत सांगतात. तो बार या पुस्तकांसाठी.

रीजन्सीला आम्ही स्मार्टीज दिली. अमेरिकेतली स्मार्टीज म्हणजे चॉकलेटची नव्हे, तर सेलोफेनमध्ये ओळीने लावलेल्या फिक्या रंगांच्या पांढुरक्या चकत्या. कोरड्या, किंचित आंबट, खडूसारख्या विरघळणाऱ्या. इंग्लंडहून आलेल्या एडवर्ड डी यांनी १९४९ मध्ये न्यू जर्सीत ती बनवायला सुरुवात केली आणि त्यासाठी यंत्रं वापरली ती बंदुकीच्या दारूच्या गोळ्या दाबणारी, लढाई संपल्यावर रिकामी पडलेली. जॉर्जेट हेयर यांच्या कादंबऱ्यांत वॉटर्लूहून परतलेले लष्करी अधिकारी लंडनच्या नृत्यगृहात शिस्तीत रांगा लावतात, तेही असेच. हेयर यांचा विनोद कोरडा आहे. पाकात घोळवलेली कँडी तिथे चालत नाही. ज्यांना रीजन्सी नेटफ्लिक्सच्या ‘ब्रिजर्टन’मुळे माहीत आहे, त्यांना दुसऱ्या पर्वातल्या शर्मा भगिनी आठवत असतील. धाकटीच्या गुणवर्णनात तिला फ्रेंच, लॅटिन आणि हिंदुस्तानीबरोबर चक्क मराठी येते असं सांगितलं जातं. त्याच दमात मुरलीचं ‘मरुली’ झालं, ते आम्ही मोठ्या मनाने सोडून दिलं. मेफेअरच्या बैठकीत मराठी ऐकू आली नाही तरी नुसत्या उल्लेखाने आमच्या बैठकीत टाळ्या पडल्या.

पण त्याच मेफेअरच्या चहातली साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या कष्टांची होती. हे ठाऊक असल्यामुळेच १७९१ पासून इंग्लंडमधल्या हजारो घरांनी साखर टाकली होती. रीजन्सी कादंबऱ्या हे सहसा बोलत नाहीत. बेव्हर्ली जेंकिन्स बोलतात. त्यांच्या ‘इंडिगो’ (१९९६) या कादंबरीतल्या हेस्टर वायटचे हात गुलामीत नीळ काढता काढता कायमचे रंगले आहेत. ती मिशिगनमध्ये पळून आलेल्यांना आसरा देते आणि तिच्या तळघरात आणला गेलेला जखमी माणूस तिच्या आयुष्यात येतो. या पुस्तकासमोर कँडी ठेवायची की नाही, यावर आमचा सगळ्यात लांब वाद झाला. शेवटी मेरी जेन ठेवली. १९१४ पासूनची, शेंगदाण्याचं लोणी आणि उसाची मळी यांची, चिकट, चावायला कष्ट पडणारी, आजच्या मुलांना मुळीच न आवडणारी. मळी कुठून आली हे विसरता येत नाही म्हणून.

टूट्सी रोल जेन ऑस्टिनच्या ‘पर्सुएशन’ला (१८१७) गेला. पिशवीच्या तळाशी राहिलेला, ३१ तारखेला कुणी न विचारलेला आणि नोव्हेंबर सरताना अचानक हवाहवासा वाटणारा. ॲन इलियट सत्तावीस वर्षांची आहे, आठ वर्षांपूर्वी तिने लोकांचं ऐकून ज्याला नकार दिला तो आता कॅप्टन होऊन परतला आहे. टूट्सी रोल लवकर खराब होत नाही, वितळत नाही. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांच्या शिध्यात होता तो याच गुणामुळे. थंडीत तो दगडासारखा होतो. मुठीत धरून ऊब द्यावी लागते, मग सुटतो. ॲनच्या बाबतीत याहून जास्त काही लिहायची गरज नाही.

नारळाची कँडी मुलं आपल्यापुढे सरकवतात असं वर म्हटलं, ती आमंड जॉय आणि माउंड्स. कनेक्टिकटमध्ये पीटर पॉल हलाजियन या आर्मेनियन स्थलांतरिताने भागीदारांबरोबर उभ्या केलेल्या कंपनीची ही दोन अपत्यं, माउंड्स १९२० चं आणि बदाम लावलेलं आमंड जॉय १९४६ चं. अमेरिकन मुलांना नारळाचा चोथा नकोसा होतो. मराठी घरांत मात्र हॅलोविन आणि दिवाळी मागेपुढे येतात आणि फराळाच्या ताटात चकलीशेजारी हे बार निर्धास्त विसावतात. सोनाली देव यांच्या ‘द बॉलीवूड ब्राइड’ला (२०१५) हीच जोडी. नायिका रिया पारकर मुंबईच्या सिनेमातली तारका, चुलतभावाच्या लग्नासाठी शिकागोच्या घरी परतते आणि मागे सोडलेला विक्रम तिथे आहेच. वर अमेरिकन चॉकलेट, आत नारळ, आणि घरच्यांनीच तो आवडीने खाल्लेला.

स्निकर्सवर मात्र एकमत झालेलं नाही. १९३० मध्ये निघालेल्या या बारला मार्स कुटुंबाच्या घोड्याचं नाव दिलं, एवढ्या पुराव्यावर गटातल्या निम्म्या जणी तो काउबॉय रोमान्सला द्यायला निघाल्या. माझा विरोध कायम आहे. स्निकर्समध्ये क्रम नाही. शेंगदाणा, कॅरमल, नूगट, चॉकलेट सगळं एकाच घासात, एकाच वेळी. ही मोठ्या कुटुंबाची कादंबरी झाली, नोरा रॉबर्ट्स यांच्या धाटणीची, जिथे तीन भाऊ, त्यांच्या तीन प्रेमकथा, आई आणि व्यवसाय एकाच पानावर नांदतात. दोन्ही बाजू सातव्या प्रकरणात शेजारी शेजारी छापल्या आहेत. पहिली बाजू लिहिणाऱ्या मैत्रिणीने आपल्या मजकुराच्या समासात घोड्याचं चित्र काढलं आहे. संपादक या नात्याने मी ते छापू दिलं आहे, पण तो पुरावा मानलेला नाही.